सात फ्लॉप्या

खिळेमामांनी छापखान्यात चाळीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले. कोणतं अक्षर कोणत्या खणात, हे ते डोळे मिटून सांगायचे. अशा माणसाला निवृत्तीनंतर भाचीच्या जुन्या कॉम्प्युटरने पार भंडावून सोडलं.

त्यांची ताई शाळेत शिकवायची. मुलांसाठी रचलेल्या गोष्टी ती सांगायची आणि मामा त्या यंत्रावर टाइप करायचे. अशा सात फ्लॉप्या भरल्या. मग ताईला अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. परवा तिने चालत्या हाताने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाकडे. तिला तिच्या गोष्टी ऐकायच्या होत्या.

लिहिण्याचा प्रोग्रॅम ज्या फ्लॉपीवर होता ती तोवर बिघडली होती. म्हणून मामांनी गोष्टींची फ्लॉपी तशीच घातली. पडद्यावर फ्लॉपीचं चित्र आलं, त्यावर माउसने दोनदा टिचकी मारली, खिडकी उघडली. आत शुकशुकाट! दुसरी घातली, तिसरी घातली, तेच. सहावीपर्यंत सगळ्या कोऱ्या. जुन्या होऊन मेल्या, असं मामांनी ठरवलं. झिजलेले खिळे वितळवून नवे ओततात, हा त्यांचा जन्माचा धडा. त्यांनी सहाही फ्लॉप्या पुसून नव्या करून घेतल्या. लिहिण्याचा प्रोग्रॅम नवा आणून आठवतील तेवढ्या गोष्टी पुन्हा टाइप करू म्हणून.

सातवीही रिकामीच. पण खिडकीच्या कडेला जागा दाखवणारी पट्टी होती, ती वरपर्यंत भरलेली. पुसलेल्या फ्लॉप्यांची तर तळाला होती. रिकामं आणि भरलेलं एकदमच? मामांचं डोकं चक्रावलं. त्यांनी भाचीला फोन लावला.

"अहो मामा, ज्या फाईलला चित्र नसतं ती तिथे दिसतच नाही. फ्लॉपी भरलेली असली तरी. कॉम्प्युटरमध्ये दोन रकान्यांचा एक प्रोग्रॅम आहे, तो उघडा, त्यात फाईलींची नुसती नावं दिसतील. नावावर टिचकी मारली की वाचताही येईल."

"म्हणजे रिकामी दिसते ती रिकामी नसते?"

"नसते ना! का हो?"

मामांनी फोन ठेवला.

दोन रकान्यांत खरंच चार नावं होती. पहिली, चढायला कंटाळलेल्या जिन्याची गोष्ट. मामांनी चारही वाचून दाखवल्या. ताईचा अर्धा चेहरा हसत होता. मग तिने उरलेल्या फ्लॉप्यांकडे बोट केलं.

खोटं बोलणं सोपं होतं. यंत्रावर ढकललं असतं तर कोण विचारणार होतं?

"ताई, त्या मीच पुसल्या गं. मला कळलंच नाही."

ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मामा खुर्चीत बसून राहिले. काय करावं, उठावं की बसावं, काही सुचेना.

बऱ्याच वेळाने ताई वळली. डोळे पुसले आणि पडद्याकडे बोट दाखवलं. मामांनी पुन्हा जिन्यापासून सुरुवात केली.