सोन्याच्या सिंहाची उचकी

झोटिकोसचं घर सिंहाच्या पोटावर चालायचं. सम्राटाच्या आसनाशेजारच्या सोन्याच्या सिंहाच्या. परदेशी राजाचा एलची, म्हणजे वकील, दरबारात मुजऱ्याला पालथा पडला, की झोटिकोसनं पडद्यामागनं भाता दाबायचा. सिंह डरकायचा, एलचीची गाळण उडायची. राज्याचं परराष्ट्र धोरण एवढंच. कुणाला सोनं देऊन गप्प करायचं, कुणाला नवरी देऊन; उरलेल्यांना सिंह.

भाता उंदरांनी कधीच खाल्लेला. पण सम्राटाचा सिंह बिघडला म्हणायची छाती कुणाची? झोटिकोस भात्यापासून सिंहाच्या पोटात गेलेल्या नळीला तोंड लावून स्वतःच डरकायचा. सगळ्यांना ठाऊक, बोलत कुणी नव्हतं.

त्या साली बल्गारांची फौज सरहद्दीवर येऊन बसली. खजिन्यात सोनं नाही, राजवाड्यात नवरी उरली नाही. झोटिकोसच्या बायकोनं, थेक्लानं, सकाळीच त्याच्यापुढं मुळा, कांदा आणि आंबवलेल्या माशाचं कालवण ठेवलं.

"गिळा. घशाला जोर येतुया."

दरबारी रिवाज सांभाळणारा खोजा पाखोमिओस पडद्याआड आला. "झोट्या, आज समदं तुझ्यावर हाय. एलची भ्याला न्हाई, तर तुझं नाक कापून हातात दीन."

"त्यो भिईल की, मालक. माझी थेक्लासुदीक भिती."

"थेक्ला? तुला? आधी तोंड पूस, माशाचा वास मारतुयास."

बल्गारांचा एलची पालथा पडला. झोटिकोसनं पोटभर दम घेतला, नळीला तोंड लावलं आणि...

"हिक्!"

सिंहानं उचकी दिली. झोटिकोसनं दोन्ही हातांनी नाक धरलं.

पाखोमिओसची पापणी हलली नाही. त्यानं छाती ताठ केली आणि खणखणीत उचकी दिली. सम्राटाचा सिंह चुकत नसतो, मग सेनापतीनंही दिली. पाठोपाठ मानाच्या क्रमानं सगळे सरदार, दाढ्या सावरत, हिक्, हिक्. शेवटी खुद्द सम्राट.

एलची पडल्या जागी पांढरा पडला. माघारी जाऊन आपल्या राजाला म्हणाला, "शाण्या माणसांशी लढता येतंय, धनी. ह्यांच्याशी नगं." बल्गारांनी तळ उठवला.

नाक वाचलं. पण ह्या दरबारात एकदा घडलं ते कायमचं घडायला लागतं. उचकी रिवाजात बसली. पुढं नवा भाता आला, तर पाखोमिओसनं दारातनंच परत धाडला.

"भात्याला उचकी येती व्हय रं?"

तेव्हापासून एलची गलबतातनं उतरला रे उतरला, की थेक्ला मुळा चिरायला बसते.

"ह्यो कुठला म्हणायचा?"

"रशियाकडला."

"आडदांड असंल. दोन मुळं खावा."