आईच्या जागेवरचा रुमाल

सिटी बसचा विषय निघाला की मला चेव येतो. कॉलनीच्या मीटिंगमध्ये पाण्याचं चाललेलं असू द्या नाहीतर गणपतीच्या मांडवाचं, मी गाडी फिरवून बसवर आणतोच. फेऱ्या वाढवा, थांब्याला शेड करा, मग बघा लोक कसे येतात ते! सगळे माना डोलावतात. मीटिंग संपली की आम्ही आपापल्या टू-व्हीलर सुरू करून पांगतो. मीसुद्धा.

आमच्याकडं रोजची म्हणावी अशी बसवाली एकच, माझी आई. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत माझी मावशी राहते. ती आता अंथरुणालाच खिळलीय. तिची वेणी घालायला आई जाते. मावशीच्या सुनेला वेणी येत नाही असं नाही, पण मावशीला बहिणीचाच हात लागतो. बस नव्हती तेव्हा आई मला विचारायची, आणि मी म्हणायचो, "रविवारी नेतो." असे किती रविवार गेले, आठवत नाही. आपल्या दारावरून बस सुरू झाली तशी तिनं विचारणं सोडलं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला हवी होती.

आईचे गुडघे गेलेत. रस्त्यावरून बसची पायरी तिला चढवत नाही. म्हणून ड्रायव्हर बस थांब्याच्या ओट्याला अगदी चिकटवून लावतो आणि ती ओट्यावरून आत पाय टाकते.

मध्यंतरी कळलं, आमच्या रस्त्यावरची बस रिकामी फिरते म्हणून बंद करणार आहेत. त्याआधी बसच्या ऑफिसातले एक साहेब येऊन बघून जाणार होते. मी लगेच कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, "त्या दिवशी सकाळी सगळ्यांनी बसनंच जायचं." अंगठ्यांचा पाऊस पडला. आईला सांगितलं तर ती हरखली. "लई बेस केलंस. एवढ्या मोठ्या बसमधी एकटीच बसते रं मी. मलाच कसंतरी व्हतं."

त्या सकाळी लोक खरंच आले. गाड्यांवर आले! घरापासून थांबा म्हणजे हातातला चहा गार होणार नाही एवढं अंतर, पण आमच्यात चालतंय कोण? आई पिशवी घेऊन आधीच पुढं गेली होती. मीही स्कूटरवर गेलो, परत आल्यावर ऑफिसला तिथूनच निघता येईल म्हणून. थांब्याच्या ओट्याला लागून जागा मोकळी दिसली, तिथं लावली. माझ्या शेजारी दुसऱ्यानं लावली. बघता बघता ओट्यापुढं गाड्यांची भिंत उभी राहिली.

बस आली, आणि तिला थांब्याला लागायलाच जागा नाही. ती भर रस्त्यात उभी राहिली. आमची सगळ्यांची उमर एसटीत चढण्यात गेलेली. बस दिसली की हात आपोआप खिशातल्या रुमालाकडं जातो. खिडक्यांतून रुमाल पडले, पिशव्या पडल्या, एकानं तर हेल्मेट टाकलं. मीही पुढची खिडकीची जागा बघून रुमाल टाकला. आईसाठी. मग रेटारेटीत आत शिरलो आणि त्या रुमालाशेजारी जाऊन बसलो. केवढं समाधान वाटलं होतं मला!

बघायला आलेले साहेब बसमध्येच उभे होते. त्यांनी रुमालाकडं बोट केलं. "इथं कुणी आहे का?"

"आई आहे माझी."

"कुठंयत?"

मी खिडकीतून मागं पाहिलं. बस हलली होती. आई ओट्यावरून उतरलेली, दोन गाड्यांच्या हँडलांमध्ये आडवी होऊन वाट काढत होती. पिशवी छातीशी धरलेली. त्यातली एक गाडी माझी होती.

"थांबवा" एवढं ओरडलो असतो तर कंडक्टरनं बेल मारली असती. पण साहेब खुशीत म्हणाले, "चांगला प्रतिसाद आहे हो तुमच्याकडं!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रोज असंच असतं, साहेब." मग मी रुमाल उचलून खिशात घातला आणि आईची जागा त्यांना दिली.

संध्याकाळी परत आलो तर ती घरी भाजी निवडत बसली होती. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "भरली व्हती ना बस?"

"भरली होती."

"मग झालं. ऱ्हाईल आता." मावशीचं तिनं काढलं नाही. मला काढता आलं नाही.

बस राहिली. दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशीर झाला म्हणून मी स्कूटर दामटत होतो, तर पुढं थांब्यावर ती बस ओट्याला चिकटून उभी. हलेचना. मी हॉर्न दाबला. पुन्हा दाबला. मग डावीकडून डोकावलो. थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. आई दाराचा दांडा धरून दुसरा पाय आत घेत होती. कोण हॉर्न वाजवतंय ते तिनं वळून पाहिलं नाही. नुसता पिशवीचा हात मागं वर केला.

"थांब रं बाबा, झालंच."

मी हेल्मेटची काच खाली ओढली.