बांध न ओलांडणारा पंप

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोरच्या स्टँडवर नसरापूरच्या गाडीचीच वाट पाहत होतो. त्यांच्याकडेच निघालो होतो, या वेळी हाताला धरून हिर्डोशीला घरी न्यायचंच असं ठरवून. "पाहुणं, दाजी मैदानात पडलं ते उठलंच न्हाईत," तिथला रखवालदार सांगत होता. पोचलो तर अर्ध्या मैदानावर औषध मारून झालेलं आणि फवारणीचा पंप मधोमध उभा... महिना होत आला, पण दाजी आठवले की आधी मला त्या गवताचाच राग येतो.

बबनदाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. हिर्डोशीत भाताची खाचरं, आणि नसरापूरजवळच्या एका क्रिकेट मैदानाची हिरवळ राखायची नोकरी. एवढा एक हंगाम करतो म्हणून आले आणि अडकले. सुरुवातीला ते घरचाच पाठीवरचा पंप तिथं वापरत. आता गावात पंप मागायला आलेल्याला नाही म्हणायची रीत नाही. एकदा दाजी पंप घेऊन सुट्टीला घरी गेले, शेजाऱ्यानं तो नेला, तणनाशक मारलं आणि वरवर विसळून परत दिला. दाजींनी तोच मैदानावर चालवला. आठवड्यात खेळपट्टीच्या कडेनं पिवळे पट्टे उठले, आणि सामने तोंडावर! मैदानाच्या साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांची अशी हजेरी घेतली की ऐकून आक्का रडली. शेजाऱ्याला मात्र दाजी चकार शब्द बोलले नाहीत.

नवा पंप निवडायचं साहेबांनी त्यांच्यावरच टाकलं. दुकानात मीही होतो. ट्रॅक्टरला जोडायचा पंप काम झटपट करतो, चालवायला कुणीही चालतो, पण ओल्या जमिनीत चाकं रुततात. पाठीवरच्याला हात हलला की औषध कुठं जास्त, कुठं कमी. दाजींचं मन ढकलायच्या पंपावर बसलं. दोन चाकं, वर टाकी, पुढं आडव्या नळीला ओळीनं नोझल. एका चालीनं, सरळ चालत राहायचं. दुकानदाराला त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यो बांध वलांडतो का वो?"

"छे, सपाटीवरच चालतो."

"मग ह्योच द्या. आता कोन मागायला येतंय!" काय खूश झाले होते त्या दिवशी!

मागायला खरंच कुणी आलं नाही. पण त्या चालीनं चालणारंही दुसरं कुणी मिळालं नाही. इतरांनी ढकलला की गवतावर ठिगळं दिसायची. भाताची लावणी आली, आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दाजींचं उत्तर ठरलेलं... "ह्या आठवड्यात औषध मारायचंय, फुडल्या आठवड्यात येतो." मी चिडून म्हणायचो, "दाजी, गवताशी लग्न लावलंय का?" ते हसायचे. एकदा मात्र हसले नाहीत. "सुटता येत न्हाई रं," म्हणाले, "म्याच निवडून आनला न्हवं का." माझा जीव तुटला.

परवा त्यांचं सामान आणायला आक्काला घेऊन गेलो. कपडे, डबा, रेडिओ. मैदानाला आता ट्रॅक्टरचा पंप येणार आहे. साहेब हळव्या आवाजात म्हणाले, "आठवण म्हणून हा तुम्हीच घेऊन जा." पंपाच्या मुठींना दाजींनी आक्काच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या, हाताला घट्टे पडू नयेत म्हणून. आक्कानं त्या दोन्ही मुठी धरल्या, पंप जरासा पुढं ढकलून पाहिला आणि थांबली.

"न्हेला असता रं," ती म्हणाली, "पन आपल्या घराला वाट बांधावरनंच हाय."