भीतीचे इन्स्पेक्टर

"हिने दिवा फार लवकर लावला."

मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाचं दार उघडं होतं आणि मी त्या दाराआड उभी होते, त्यामुळे बोलणाऱ्याला मी दिसत नव्हते. बाहेर व्हरांड्यात काका खुर्चीत बसले होते, मांडीवर एक बारीकसं राखाडी पुस्तक. शेजारी मंडळाच्या सेक्रेटरी, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, गणपतीच्या दिव्यांच्या माळांचा गुंता सोडवत होत्या.

"कुठे लावला, अण्णा? अजून गुंताच सुटला नाही की," अक्का म्हणाल्या.

"माळेचं नाही हो. ह्या शेवटच्या गोष्टीत. बाई अंधारात उभी आहे, कोणीतरी तिचं नाव घेतंय, आणि ही लेखिका काय करते? बटण दाबते! स्वतःच घाबरली. बाकीच्या आठ गोष्टी मात्र… अक्का, माझी कॉफी बघा."

अक्कांनी पाहिलं. कॉफीवर जाड साय धरली होती.

"अय्यो, गरम करून आणू?"

"नको. आज तिसऱ्यांदा गार झाली," काका म्हणाले. इतक्या आनंदाने की जणू कुणी त्यांना पदक दिलं होतं.

मी कपाटात हात घालून तशीच उभी राहिले. त्या पुस्तकावर छापलेलं नाव माझं नव्हतं. पुस्तक माझं होतं.

माणसांना घाबरवण्यासाठी इतकी वर्षं, इतक्या निष्ठेने झटून, इतकं संपूर्ण अपयश पदरात पाडून घेतलेला दुसरा माणूस साऱ्या बेंगळुरूत सापडणार नाही. काका आणि माझे बाबा एकाच सरकारी कारखान्यात होते. बाबा डिझाइनमध्ये, काका क्वालिटी इन्स्पेक्टर. म्हणजे इतरांनी घडवलेल्या वस्तूत खोट शोधायची आणि तिच्यावर दोऱ्याने टॅग बांधायचा. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे दुरुस्तीला परत, लाल म्हणजे नापास. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात. काकांनी मल्लेश्वरममधल्या आमच्या छोट्याशा मंडळात एक लोखंडी कपाट मागून घेतलं आणि ते भयकथांनी भरायला घेतलं. आणि भयकथा तरी कुठल्या? दुकानात मिळणाऱ्या नाहीत. कोणी निवृत्त ग्रामसेवकाने स्वतः छापलेल्या, कोणा नर्सबाईने दोन पिना मारून बांधलेल्या, कोणी कॉलेजातल्या मुलाने फोनवरून मागवल्यावर पोस्टाने पाठवलेल्या. ज्या लेखकाचं नाव दोन माणसांनी ऐकलं असेल त्याचं पुस्तक काका हातात धरत नसत. "त्याला आता कशाची भीती वाटणार?" ते म्हणायचे. कादंबरीही चालत नसे. फक्त कथासंग्रह. "पंधरा पानांत घाबरवा, नाहीतर घरी जा."

त्यांची तपासणीची पद्धत तर कारखान्याला लाजवील अशी होती. भयकथा रात्री वाचायला त्यांचा सक्त विरोध. रात्री कोणीही घाबरतं, पंख्याच्या आवाजानेही घाबरतं, त्यात लेखकाचं कर्तृत्व काय? म्हणून ते सकाळी अकराला, लख्ख उन्हात, समोर वाफाळती फिल्टर कॉफी ठेवून वाचायला बसत. कॉफी त्यांना कमालीची प्रिय. वाचता वाचता ती गरम असतानाच संपली, तर गोष्ट नापास. अर्धी राहिली तर पिवळा टॅग. आणि कॉफीचा विसर पडून वर साय धरली, तर हिरवा. टॅगमागे ते बारीक अक्षरात शेरा लिहीत. "भूत ठीक, जावई अविश्वसनीय." "विहिरीची खोली पान चार व पान नऊवर वेगळी." एका नापास संग्रहावर नुसतंच, "लेखकाने सुट्टी घ्यावी."

पण खरी गंमत त्यांच्या शिफारशींची. कुणाला काय वाचायला द्यावं ह्याबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता: भीती माणसाच्या मापाची हवी. त्यामुळे राजाजीनगरला नवा फ्लॅट घेतलेल्या जोडप्याला त्यांनी वास्तुशांतीला भेट दिलेल्या संग्रहात सगळ्या गोष्टी आधीच्या भाडेकरूंच्या होत्या. हर्नियाच्या ऑपरेशनला निघालेल्या जोशीकाकांना त्यांनी नर्सबाईंचं पुस्तक दिलं, "आतल्या माणसाने लिहिलंय, अस्सल आहे." जोशीकाकूंनी ते हॉस्पिटलच्या दारातूनच परत पाठवलं. मराठी न वाचणाऱ्या रिक्षावाल्याला ते सिग्नलला अख्खी गोष्ट हिंदी आणि मोडक्या कन्नडमध्ये ऐकवत. एकदा, रिकाम्या बसमधली शेवटच्या बाकावरची बाई मागे वळते त्या जागी थांबून, आवाज खाली आणून त्यांनी "आता काय होणार?" असं विचारलं, तेव्हा रिक्षावाल्याने आरशातून शांतपणे बघून म्हटलं, "सर, ह्या बाईला मीटरने न्यायचं का ॲपने?" हा प्रसंग काका स्वतःच सांगत आणि शेवटी हताश होऊन कपाळाला हात लावत.

पुस्तक परत करायला आलेल्या प्रत्येकाला ते एकच प्रश्न विचारत, "घाबरलात का?" आणि लोक म्हणत, "छान होतं." ह्या दोन शब्दांनी काकांचा चेहरा जसा उतरायचा तसा दुसऱ्या कशानेही उतरताना मी पाहिला नाही. "छान होतं म्हणजे दहाव्या पानापुढे गेला नाही," ते कपाट लावता लावता पुटपुटत. "छान! मी काय श्रीखंड दिलं होतं?"

मलाही त्यांनी तो प्रश्न विचारला होता, मी कॉलेजात असताना. मी मान अर्धवट हलवली. त्या हलण्याचा अर्थ हो, नाही, किंवा मानेत लचक भरली, असा काहीही होऊ शकत होता. मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठी बोलत होते, पण वाचायची वेळ आली की प्रत्येक जोडाक्षरापाशी अडखळायचे. मला मराठी वाचायला ह्या कपाटाने शिकवलं. ओसरी, फडताळ, कंदील, हे शब्द मला आधी भुतांच्या तोंडून कळले आणि मग आजीकडून. मी शनिवारी दुपारी, काका जेवायला घरी गेले की यायचे, पुस्तक न्यायचे, पुढच्या शनिवारी त्याच जागी गुपचूप ठेवायचे. हिरवी सगळी वाचली. वाचताना जिथे अंगावर काटा यायचा त्या पानाचा कोपरा दुमडायची मला सवय आहे. वाईट सवय आहे, पण तेवढंच माझं बोलणं.

ऑफिसात मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. "झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करावी", अशी वाक्यं. दोन वर्षांपूर्वी त्याच हाताने नऊ गोष्टी लिहिल्या, थोड्या प्रती छापल्या, वर वेगळंच नाव घातलं, आणि एक प्रत पाठवणाऱ्याचा पत्ता न लिहिता मंडळाच्या पत्त्यावर पोस्टाने टाकली. पार्सल आलं तेव्हा काकांनी ते उलटसुलट करून सगळ्यांना दाखवलं. "पत्ता नसलेलं पार्सल! सुरुवात तर उत्तम आहे." मग ती सायीची सकाळ आली. त्या दिवशी संध्याकाळी मी कपाट उघडून पाहिलं. राखाडी पुस्तकाला हिरवा टॅग होता आणि मागे लिहिलं होतं, "नऊपैकी आठ पास. शेवटच्या गोष्टीत दिवा लवकर लावला. हिने लिहीत राहावं." मी तो टॅग इतक्या वेळा वाचला की दोरा सैल झाला. दुसरं पुस्तक त्याच आठवड्यात सुरू केलं आणि कुणालाही सांगितलं नाही.

नंतर मात्र एक गोष्ट लक्षात आली आणि लक्षात आल्यापासून मला चैन नव्हती. हिरव्या टॅगांचे दोरे कोरे, कडक होते. लाल टॅग मळून मऊ झाले होते. काकांच्या कारखान्यात लाल म्हणजे नापास असेल, पण कारखान्याबाहेर लाल म्हणजे धोका. भयकथांच्या कपाटापाशी येणारा माणूस काय उचलणार? लोक वर्षानुवर्षं नेमकी नापास पुस्तकं घरी नेत होते. जांभया देत वाचत होते. सभ्यपणे "छान होतं" म्हणत होते. कपाटावर एक कागद डकवला असता तरी भागलं असतं. पण तो डकवायचा म्हणजे "हिरवी न्या" असं सांगायचं, आणि हिरव्यात माझं पुस्तक होतं. शिवाय काका विचारणार, तुला कसं कळलं? मग तू वाचलीस का? कुठलं आवडलं? मी गप्प राहिले. दोन वर्षं गप्प राहिले.

गेल्या महिन्यात कमिटीची बैठक झाली. गणपतीच्या सजावटीचं सामान ठेवायला जागा नव्हती आणि कपाट हवं होतं. अक्का वाईट नाहीत. त्यांच्या घराण्याला ह्या गावात येऊन इतक्या पिढ्या झाल्या की त्यांचं मराठी कन्नडच्या चालीवर चालतं, पण मंडळ उभं आहे ते त्यांच्यामुळे. त्या जपून बोलल्या. "अण्णा, राग मानू नका. मी स्वतः चार वाचली की. लाल-लाल बघूनच नेली. एकानेपण माझं केस हललं नाही. आता कोण वाचतंय हो हे?"

मी मागच्या रांगेत बसले होते. आता बोल, मी स्वतःला म्हणत होते. लाल, एवढा एकच शब्द. बाबा माझ्याकडे बघत होते की काय कोण जाणे. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. काकांनी वाद घालावा, टेबलावर हात आपटावा, निदान लेखकांची बाजू घ्यावी, असं मला फार वाटत होतं. ते म्हणाले, "सरी." तीस वर्षांत ज्यांच्या तोंडी कन्नड नीट बसलं नाही त्यांनी 'ठीक आहे' ह्या अर्थाचा हा एक शब्द अगदी अचूक उच्चारला.

त्याच बैठकीत कळलं की ते मुलाकडे देवनहळ्ळीला राहायला जाणार आहेत. नवी वसाहत, चौदावा मजला. "जिम आहे, पोहायचा तलाव आहे," ते म्हणाले. "पुस्तकांना भिंत तेवढी नाही. सगळीकडे काचा."

रविवारी सकाळी मी खोकी बांधायला गेले. बाबांनी पाठवलं असं सांगितलं. ते खोटं होतं. कपाटाच्या कडीला एक नवा लाल टॅग लटकत होता. मागे काकांचं अक्षर: "नापास. कारण: कोणी घाबरलं नाही." त्यांनी अख्ख्या कपाटालाच, म्हणजे स्वतःलाच, टॅग बांधला होता. खोकी रद्दीवाल्याकडे जायची होती. राखाडी पुस्तक तेवढं त्यांनी बाजूला, आपल्या पिशवीवर ठेवलं होतं.

मी एक मळका लाल टॅग आणि एक कोरा हिरवा टॅग सोडवला आणि दोन्ही त्यांच्या कॉफीच्या पेल्याशेजारी ठेवले. इन्स्पेक्टरला एवढं पुरलं. ते वाकले. बोटाने दोरे चाचपले. मग हळूच खुर्चीत टेकले.

"लाल म्हणजे धोका," ते म्हणाले. "अरे देवा. मी लोकांना भंगार वाचायला लावलं." हसतात की काय असं वाटलं, पण ते हसले नाहीत. "आणि चांगली सगळी इथेच पडून राहिली. एकानेही उघडली नाहीत."

त्यांनी एक हिरवं पुस्तक उचललं, सवयीने पानं फिरवली, आणि थांबले. दुसरं उचललं. तिसरं.

"मग हे कोपरे कोणी दुमडले?" त्यांनी वर पाहिलं. "तू?"

मी मान हलवली. ह्या वेळी पूर्ण.

"सगळी?"

पुन्हा मान.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. दुमडलेला एक कोपरा सरळ केला आणि पुन्हा होता तसा दुमडून ठेवला. मग त्यांना काहीतरी आठवलं. पिशवीवरचं राखाडी पुस्तक घेऊन त्यांनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत फिरवलं. एकही कोपरा दुमडलेला नव्हता.

"हे नाही वाचलंस?" ते अगदी दुखावल्यासारखे म्हणाले. "मुली, सगळ्यांत चांगलं तेवढंच सोडलंस की! मी हिला पत्र लिहिणार होतो. छापखान्यात चौकशी केली, ते म्हणाले बाईंनी नाव सांगू नका म्हटलंय. आता काय, संपलंच. तिला वाटलं असेल आपलं कोणी वाचलं नाही. कोणी वाचलं नाही म्हटल्यावर माणूस दुसरं कशाला लिहील?"

पेल्यातली कॉफी केव्हाच गार झाली होती. वर साय धरत होती. माझं हृदय कानात वाजत होतं, आणि बाहेर अकराचं लख्ख ऊन होतं.

"अर्धं झालंय, काका," मी म्हटलं. "या वेळी दिवा लावलेला नाही."