चालत्या मुलाचा दर

दाना ओली या आमच्या गल्लीतल्या एक मावशी नोकरदार बायकांची मुलं घरी सांभाळत आणि त्यावरच घर चालवत. रांगत्या मुलाचे महिना आठ रुपये, चालत्याचे दहा. मूल त्यांच्यादेखत चालत उंबरा ओलांडेपर्यंत वाढ नाही.

नवा मध्य प्रदेश झाला, आमच्या शहरातल्या कचेऱ्या भोपाळला हलल्या आणि नऊपैकी पाच मुलं आईबापांबरोबर गेली. मावशी आता दर उतरवतील, असं मला वाटलं. त्यांनी सगळ्यांचे दोन रुपये वाढवले.

"मावशी, मुलं कमी झाली नि पैसे जास्त?" माझी पत्नी म्हणाली.

"मग! तुझ्या पोरीला आता माझी मांडी जास्त मिळते," आमच्या मुलीचं नाक पुसत त्या म्हणाल्या. "जमत नसेल तर साफ सांग. मुरारच्या दोन मास्तरणी जागा विचारून गेल्यात."

चारही घरांनी नवा दर दिला. मुरारहून कोणी आलंच नव्हतं, हे त्यांनी मला वर्षभराने, सातवं मूल घेतल्यावर, हसत सांगितलं.