तारीख माझी हाय

वेल्ह्याहून नसरापूरला जाणाऱ्या वडाप जीपमध्ये माणसांवर माणसं बसलेली असायची. ड्रायव्हरनं विचारायचा अवकाश, "काकी, आज कुठं?" की आमची थोरली काकी पार मागच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "मनाच्या डॉक्टरकडं! माझी तारीख हाय." कुणी बाहेर बघायचं, कुणी उगाच मोबाईल काढायचं. काकी पदर सावरून शेजारणीला विचारायची, "का गं, गुडघ्याच्या डॉक्टरकडं जाते म्हणले असते, तर अशी बघितली असतीस का?"

काका गेल्यावर तिला हे दुखणं लागलं. छातीत धडधड, हातापायाला कापरं, भाताच्या खाचरात उभ्या उभ्या दरदरून घाम. आता मरतेच असं वाटायचं. हृदयाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. कुणी म्हणालं, बाहेरचं असेल, देवऋषी बघा. भोरच्या डॉक्टरांनी मात्र पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. घरात कुजबुज सुरू झाली, लोक वेडी म्हणतील. काकी म्हणाली, "मेल्यावर शहाणी म्हनून घिऊन काय करू?" आणि पिशवी उचलून एकटी गेली. बरी होऊन ताठ मानेनं गावात फिरली.

'टेन्शन घेऊ नको' हे वाक्य तिच्यापुढं काढायची सोय नव्हती. "घिऊ नको म्हणायला त्यो काय चहा हाय? हात पुढं करून कोन घेतंय व्हय?" असं खेकसायची. कुणाचं बिनसलंय असं दिसलं, की वालाच्या शेंगा घेऊन ती त्याच्या शेजारी जाऊन बसायची. विचारायची काही नाही, नुसती सोलत राहायची. शेंगा संपत आल्या की समोरचा आपोआप बोलायला लागायचा. नाहीच बोलला, तर म्हणायची, "ऱ्हाऊ दे, उद्या आनखी आनते."

मग दादाचं झालं. माझा हा भाऊ टेम्पो चालवायचा. वरंध घाटात ब्रेक लागेना आणि टेम्पो कठड्याला टेकून कसाबसा थांबला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण दादा आतून हादरला. स्टेअरिंगला हात लावेना, झोप उडाली, जेवण तुटलं. एकदा आईला म्हणाला, "गेलो असतो खाली, तर सुटलो तरी असतो."

आणि आमच्या घरच्या शहाण्यांनी काय करावं? दादाचं लग्न ठरायचं होतं, म्हणून गावाला सांगितलं, कावीळ झालीय! झालं. कुणी उसाचा रस आणतंय, कुणी झाडपाल्याचा काढा. तेल-तिखट बंद. आधीच न जेवणाऱ्या माणसापुढं अळणी पेज! आई चुलीशी बसून रडायची, पण खरं सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

काकी आली. दादाच्या डोळ्यांत वाकून बघितलं आणि म्हणाली, "पांढरेफेक तर हायत." आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढून शेंगा घेऊन बसली. उन्हं कलल्यावर बाहेर आली ती आईवर कडाडलीच. "पोरगं मरायची भाषा करतंय, आन तुमी कावीळ सांभाळत बसलाय? उद्या त्यो माझ्यासंगं येतोय."

दुसऱ्या दिवशी मीही बरोबर होते. दादा तोंडाला टॉवेल गुंडाळून जीपमध्ये अंग चोरून बसला होता. ड्रायव्हरनं नेहमीसारखं विचारलं.

"मनाच्या डॉक्टरकडं! माझी तारीख हाय. पुतन्या आलाय सोबतीला."

तिची कसली तारीख! तिच्या गोळ्या कधीच बंद झाल्या होत्या. सगळ्या जीपच्या नजरा तिनं स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि दादाच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली.

अशा बऱ्याच खेपा झाल्या. गोळ्या होत्या, डॉक्टरांशी बोलणं होतं. दादा आधी भाकरी मागून खायला लागला, मग टेम्पो धुवायला लागला, मग भोरपर्यंत नेऊन आणायला लागला. भाताची लावणी उरकल्यावर एके सकाळी ड्रायव्हरनं विचारलं, काकीनं तोंड उघडलं, तेवढ्यात दादाच म्हणाला, "तारीख माझी हाय. काकी सोबतीला आलीय."

आमची काकी नसरापूर येईपर्यंत नुसती पदरानं डोळे पुसत होती. मला तर सगळ्या जीपला ओरडून सांगावंसं वाटत होतं, ही माझी काकी आहे आणि हा माझा भाऊ आहे!

गेल्या हिवाळ्यात थोड्याशा तापाचं निमित्त होऊन काकी गेली. तिची आठवण आली नाही असा दिवस जात नाही.

परवा दादाबरोबर मी निघाले. ड्रायव्हरनं काही विचारलं नाही. त्यालाही जड गेलं असावं. दादानंच मोठ्यानं सांगितलं, "मनाच्या डॉक्टरकडं चाललोय. तारीख हाय."

नसरापूरला सगळे उतरून पांगले, तरी एक बाई तरण्या लेकीचा हात धरून तिथंच घुटमळत होती. दादाजवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊ, आमाला बी तितंच जायाचंय. घरी डोळं दावायला जातो म्हनून सांगितलंय."

दादानं तिच्या हातातली पिशवी घेतली.

"चला मावशी," तो म्हणाला, "मी हाय सोबतीला."