वेग कुठे सुटतो

तिला सगळे बॅटरी म्हणत. गाडीच्या पोटात शिरताना ती उजेडाची छोटी बॅटरी दातांत धरायची, कारण हात दोनच आणि दोन्ही कामाला लागतात. गाड्यांच्या वायरिंगमध्ये तिचं आयुष्य गेलं. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती दारातूनच परत पाठवी. आधी बिघाडाची जागा सापडली पाहिजे, मग हात घालायचा, असा तिचा खाक्या.

एके दिवशी तिचा थोरला भाऊ गाडी घेऊन आला. लांबच्या भाड्याच्या फेऱ्या मारून त्याने संसार उभा केला होता. हल्ली उजवा पाय जड पडायचा, पेडल फार वेळ दाबून धरवत नसे. त्याची सगळी भिस्त आता क्रूझ कंट्रोलवर होती. बटण दाबलं की गाडी आपणच वेग धरून चालते, पाय मोकळा. पण त्याची गाडी वेग धरायची आणि जरा वेळाने सोडून द्यायची. हे जमलं नाही तर स्टेअरिंग सोडायचं, असं वहिनीने बजावलं होतं.

"बॅटरे, तुझ्या हाताला यश आहे म्हणतात. बघू तरी."

"म्हणणाऱ्यांचं काय जातं. चावी दे, दादा."

ती डॅशबोर्डखाली उताणी झाली. तिथे तिला नेहमी पाण्याखाली गेल्यासारखं वाटे. आवाज दूर जात, तारा शेवाळासारख्या तोंडावर लोंबत. स्टेअरिंगवरच्या बटणांपासून ती निघाली. त्यांची तार डॅशबोर्डच्या खणामागच्या एका डबीत जात होती. ब्रेकच्या पेडलमागे छोटा स्विच होता. पेडल केसभर हललं तरी वेग तोडणारा. पुढे गिअरबॉक्सवर वेग मोजणारा सेन्सर, आणि बॉनेटखाली कोपऱ्यात ॲक्सिलरेटरची केबल ओढणारी मोटर. एकेक जागा सापडली, एकेक तपासली. खोट कुठेच नव्हती.

दादाचा चेहरा उतरला. ब्रेकच्या स्विचच्या दोन तारा एकमेकींना पिळून टाक, मग वेग सोडेल कशाला, असं तो सुचवू लागला. क्षणाचं काम होतं. ब्रेक मारतानाही गाडी पुढे रेटत राहील, असलं काम मी करत नाही, असं तिने सुनावलं, आणि उद्या सकाळी मला शेजारी बसवून चालव म्हणाली.

सकाळी रस्ता सरळ आणि रिकामा होता. पुढचं दिसण्याइतपत विरळ धुकं. गाडीने वेग धरला आणि ती जणू चालत नव्हतीच. झाडंच हळूहळू मागे वाहत होती. लहानपणी पलंगाची गाडी करून दोघं असेच कुठे कुठे जात.

मग शेजारच्या आरशात धुकं लाल झालं. एखाद्याने मागे हळूच पडदा ओढावा तसं. त्याच क्षणी वेग सुटला.

तिने पुन्हा बटण दाबायला सांगितलं. पुन्हा थोडं अंतर, पुन्हा तो लाल उजेड. ब्रेकचे दिवे लागत होते.

"दादा, पाय कुठे आहे तुझा?"

"खाली. मॅटवर. का गं?"

तिने वाकून पाहिलं. पाय ब्रेकवर होता, झोपलेल्या माणसाचा हात उशीवर असतो तसा.

तिने गाडी कडेला घ्यायला लावली. दार उघडून तो बाहेर पाय सोडून बसला. ती खाली बसली, त्याचा बूट काढला, आणि तार तपासावी तसा अंगठ्यापासून एकेक जागी चिमटा घेत वर निघाली.

"इथे कळतंय?"

"नाही."

"इथे?"

तो धुक्याकडे बघत होता. "नाही."

तळपाय झाला, टाच झाली. घोट्याच्या बऱ्याच वर तो "आता" म्हणाला.

"म्हणजे गाडीत काही नाही," तो म्हणाला.

"गाडीत काही नाही, दादा."

त्याने स्वतःच बूट चढवला, नाडी नीट बांधली. मग बॉनेटला हात लावत, सावकाश, तो पलीकडच्या, ती बसून आली होती त्या दाराशी गेला.